काकूंची घरघंटी

आमच्या चाळीच्या जिन्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे एक वळण आहे, तिथे भर दुपारी बाराला पण काळोख असतो. लालबाग-परळच्या जुन्या चाळी ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको, लाकडी जिना, मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या, कठडा आहे पण जोरात धरला तर हातात येईल अशी भीती. तिथला बल्ब कायम गेलेला. कधी उडतो, कधी कोणीतरी काढून नेतं, आणि मग नवीन कोणी लावायचा यावर महिनाभर चर्चा. मालक म्हणतो राहता तुम्ही, लावा तुम्ही, आम्ही म्हणतो मग भाडं कसलं घेता, आता त्या भाड्यात बल्ब पण येणार नाही ही गोष्ट वेगळी.

तर १२ ऑक्टोबर २०२०. आठवत असेल सगळ्यांना, सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड बसलं आणि मुंबईभर लाइट गेली, लोकल होत्या तिथे उभ्या राहिल्या. आपल्याला लाइट जायची सवयच नाही ना, गावचे भाऊबंद हसतात आपल्याला यावरून. माझं तेव्हा वर्क फ्रॉम होम चालू होतं, लॅपटॉप चालू पण वायफाय मेलेलं, म्हणून गॅलरीत येऊन उभा राहिलो तर जिन्यातून धडधड आवाज आणि पाठोपाठ "आई गं!". शेजारच्या काकू. दोन पायऱ्या चुकल्या आणि खाली बसल्या, पिशवीतले कांदे पार तळमजल्यापर्यंत. नशीब काही मोडलं नाही, गुडघा सोलवटला फक्त. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी ग्रिड चालू असतं तरी तिथे काळोखच असता कारण बल्ब आधीपासूनच नव्हता, पण काकूंनी सगळं खापर ग्रिडवर फोडलं आणि मी पण काही बोललो नाही.

डोक्यात मात्र ते बसलं. असा दिवा हवा ज्याला मीटर नको, मालक नको, आणि जो चोरून न्यावासा कोणाला वाटणार नाही.

माझे बाबा गिरणीत वायरमन होते. ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली पण हातातली पक्कड नाही सुटली, शेवटपर्यंत अख्ख्या मजल्याच्या इस्त्र्या आणि पंखे तेच बघायचे. ते सांगायचे की गिरण्यांना वीज यायची ती घाटावरच्या पाण्याची, खोपोलीला १९१५ पासून पाइपातून पाणी खाली सोडून बनवलेली. लहानपणी मला वाटायचं तारेतून पाणीच येतं. हसू नका, तो गैरसमज पुढे मला इतका कामाला आला की काय सांगू.

सुरुवात झाली ती भंगारवाल्याकडून दहा रुपयाला घेतलेल्या एका गार्डन लाइटने. तो नाही का, कुंडीत खोचायचा, वर छोटं सोलर पॅनल, खाली प्लॅस्टिकचा घुमट. घुमट पिवळा पडलेला, दांडा गायब. उघडला तर आत एक पेन्सिल सेल, १.२ व्होल्ट ६०० मिलिअँप-अवर (म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेला, त्याच्या टोकाला पांढरी बुरशी आलेली आणि स्प्रिंग गंजून हातात आली. मी आतापर्यंत असे अकरा दिवे उघडलेत, त्यातल्या नऊमध्ये रोग हाच निघाला, बाकी सगळं ठणठणीत. आपली खारी हवा, दुसरं काय. लिंबू आणि जुन्या टूथब्रशने पत्रा घासला, स्प्रिंग दुसरीकडची लावली, सेल नवीन टाकला आणि पॅनलवर हात ठेवल्याबरोबर एलईडी लागला. पॅनलच त्याचा स्विच असतो, पॅनलकडून वीज यायची थांबली की आतली चार पायांची चिप समजते की अंधार पडला. किती साधं आहे बघा, वेगळा सेन्सर वगैरे काही नाही.

आता मला प्रश्न पडला की सेल १.२ व्होल्टचा आणि पांढऱ्या एलईडीला तर तीनच्या आसपास लागतात. (पांढरा एलईडी असा काही नसतोच खरं तर, आत निळा असतो आणि त्याच्यावर पिवळी पावडर, तो पिवळा ठिपका वरून पण दिसतो. तो निळा बनवायला इतका घाम गाळावा लागला की २०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्यालाच मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना.) तर १.२ चे ३ होतात कसे? इथे तारेतलं पाणी आलं मदतीला. आमच्याकडे सकाळी नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला की पाइप धाडकन वाजतो, बाजूच्या खोलीतला माणूस दचकून उठतो. का वाजतो? धावणाऱ्या पाण्याला एकदम थांबवलं की त्याचा जोर कुठेतरी जातो, आणि तेवढ्या क्षणापुरता पाइपातला दाब नेहमीच्या कितीतरी पट होतो. त्या दिव्यात रेझिस्टरएवढी दिसणारी एक हिरवी कॉइल असते, तिच्यातला करंट चिप सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, आणि प्रत्येक बंदला असा एक धक्का बसतो, त्या धक्क्याने एलईडी पेटतो. सेकंदाला हजारो वेळा म्हणून डोळ्याला लुकलुक दिसत नाही.

हेच चिपशिवाय पण जमतं, एक ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि जुन्या सीएफएलमधून काढलेली फेराइटची छोटी रिंग. रिंगवर दोन रंगांच्या वायरी जोडीने दहा-बारा वेढे मारायचे आणि एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला जोडायचं, चुकून तशीच सरळ जोडलीत तर पेटत नाही, मी अर्धा रविवार त्यातच घालवला. 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' नावाच्या ब्रिटिश मासिकात १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये हे सर्किट छापून आलं होतं, पुढे लोकांनी त्याला जूल थीफ नाव पाडलं. चोरच आहे तो खरा, घड्याळातून काढून टाकलेल्या सेलमधलं उरलंसुरलं पण शोषून घेतो. आमच्या देव्हाऱ्यात असा एक आहे, आई टीव्हीच्या रिमोटचे मेलेले सेल आता फेकत नाही, वाटीत जमवून ठेवते.

पण जिन्यात हा गार्डन लाइट फसला. पहिल्या रात्री लागलाच नाही. मी पॅनल गॅलरीच्या कठड्याला बांधून आतमधे वायर नेली होती, सगळं परत तपासलं, हाताने पॅनल झाकलं की लागतो, हात काढला की विझतो. मग वर बघितलं तर समोर गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरचं भलंमोठं होर्डिंग, रात्रभर लख्ख. पॅनलला वाटतंय अजून दिवसच आहे! प्लॅस्टिकच्या तेलाच्या डब्याचा एक तुकडा कापून पॅनलला टोपीसारखा लावला तेव्हा कुठे त्याची रात्र झाली.

आणि लागल्यावर कळलं की उजेड अगदीच काजव्याएवढा आहे. तेव्हा पहिल्यांदा कागद घेऊन बसलो, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आपण सगळे आधी विचारतो पॅनल केवढं घेऊ, मोटर केवढी घेऊ, आणि तिथेच चुकतो. पाण्याचं बघा, आमच्याकडे नळ सकाळी एकच तास असतो, तेव्हा नळ केवढा जाड आहे याच्यापेक्षा घरात माणसं किती, पिंप केवढं आणि तोटी गळते की नाही यावर दिवस निघतो. इथे पण तेच. मला पायऱ्या दिसायला किती लागतं? चार एलईडी, प्रत्येकी ४ मिलिअँप. २० नाही, ४. डब्यावर २० लिहिलेलं असतं म्हणून लोक २० देतात, पण काळोखात सरावलेल्या डोळ्याला ४ आणि २० मधला फरक वाटतो तेवढा नसतो. म्हणजे सगळे मिळून १६, रात्रीचे ११ तास धरले तर १७६ मिलिअँप-अवर. झालं. रोज एवढंच पाणी भरायचंय.

एलईडी पण भंगारातलेच. उडालेला ९ वॉटचा बल्ब उघडा, आत गोल पत्र्यावर चौकोनी चिपा असतात, सगळ्या एका माळेत, त्यातल्या एकीवर काळा ठिपका दिसेल, ती एकच मेलेली असते आणि तिच्यापायी अख्खा बल्ब कचऱ्यात. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच बल्बांमधली एकेक चिप ९ किंवा १८ व्होल्टची असते, तीन व्होल्टवर ती डोळा पण उघडत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्याच मेल्या. मला ते माहीत नव्हतं, मी सुरुवातीला चांगल्या वीसेक चिपा मेल्या समजून फेकल्या. ट्यूबलाइटच्या पट्टीत बहुतेक तीन व्होल्टवाल्या मिळतात. आणि उघडायच्या आधी बल्ब होल्डरमधून काढा रे बाबांनो, आतल्या सर्किटला थेट २३० व्होल्ट असतात.

पिंप म्हणून लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल घेतले, कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून, तो वजनावर देतो. आत सहा नळकांडी, १८६५० म्हणतात त्यांना, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. बॅटरी मेली म्हणून टाकलेली असते पण मरते बहुतेक एखादी जोडी. माझ्या बॅटरीतल्या दोन सेलवर ०.४ व्होल्ट होते, ते सरळ बाजूला. दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला लिथियम सेल चार्ज करून जिवंत करायचा शहाणपणा करू नका, आत तांबं सुटलेलं असतं, चार्ज करताना कधी पेटेल भरवसा नाही. उरलेले चार तीनच्या वर होते. ते सुटे करताना बाबांच्याच पक्कडीने मी एकाची दोन्ही टोकं एकदम धरली. निकेलची पट्टी लाल झाली, मी पक्कड सोडली ती पायावर, आणि अंगठ्यावर जो फोड आला त्याचा डाग अजून आहे. बाबा असते तर वर एक टपली पण मिळाली असती.

जिना लाकडी, म्हणून सेल जिन्यात ठेवायचाच नाही हे त्या फोडाने ठरवलं. तो गॅलरीच्या भिंतीवर लोखंडी डब्यात, सोबत प्रोटेक्शनचं छोटं बोर्ड (सेल प्रमाणाबाहेर भरू किंवा उतरू न देणारं), आणि तिथून जिन्यापर्यंत बारा मीटर बारीक बेलची वायर. १६ मिलिअँपला एवढ्या वायरीत व्होल्ट काही म्हणण्यासारखे पडत नाहीत. प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर, सेल भरलेला असताना पाचच्या आसपास मिलिअँप जातात, उतरला की तीन-साडेतीन, आपोआप काटकसर. माझा हा सेल आता १५०० मिलिअँप-अवर भरतो, म्हणजे काहीच चार्ज झालं नाही तरी आठ दिवस. पॅनल एका मेलेल्या सोलर कंदिलाचं, ६ व्होल्ट १ वॉट, आणि मधे लॅमिंग्टन रोडवर मिळणारं टीपी ४०५६ चिपचं, लिथियम सेल भरणारं चार्जिंग मॉड्यूल. पॅनलच्या वायरीत एक शॉटकी डायोड, म्हणजे पाण्याच्या लाइनला असतो तो एकतर्फी व्हॉल्व्ह, नाहीतर रात्री पॅनल उलटं पितं.

डिसेंबर-जानेवारीत काय मस्त चाललं! पॅनल भर दुपारी १६० मिलिअँप द्यायचं, चार तास ऊन म्हणजे गरजेच्या तिप्पट. काकूंनी पहिल्याच आठवड्यात तिळाचे लाडू दिले.

मग मार्चमध्ये एक दिवस दिवा बंद. दुसऱ्या दिवशी पण बंद. मीटर लावला तर पॅनलमधून जेमतेम १० मिलिअँप, एवढ्या रणरणत्या उन्हात. काय होतं माहितेय? वरच्या मजल्याच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, त्याचं एक टोक पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली धरून होतं. फक्त कोपऱ्यावर! पण पॅनल म्हणजे अर्ध्या-अर्ध्या व्होल्टचे तुकडे एका माळेत, एका तुकड्यावर सावली पडली की अख्ख्या माळेचा करंट तेवढ्यावर येतो. एकाने पाइपावर पाय दिला की पुढे सगळ्यांचं पाणी गेलं. बोट ठेवून बघा कोणत्याही छोट्या पॅनलवर, विश्वास बसणार नाही.

टॉवेलवाल्या वहिनींशी तह झाला, तर एप्रिल-मेमध्ये नवीनच. टॉवेल नाही, ढग नाही, घामाच्या धारा लागल्यात आणि पॅनल उपाशी. मला उलगडायला आठवडा लागला. मुंबई १९ अंश उत्तरेला. १५ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. परत तसाच येतो जुलैच्या शेवटी, २८ च्या आसपास. आणि या दोन दिवसांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेला असतो! आमची गॅलरी दक्षिणेला, वर पत्र्याची पागोळी. डिसेंबरात सूर्य दुपारी ४७-४८ अंशांवरच असतो म्हणून ऊन पार उंबऱ्यापर्यंत आत येतं, आणि मेमध्ये तेच ऊन पत्र्यावरून सरळ पलीकडे. त्यात साडेतीनला टॉवरची सावली. म्हणजे आमच्याकडे सगळ्यात जास्त उकडतं तेव्हा गॅलरीत सगळ्यात कमी ऊन, ते मी चाळीस वर्षं तिथे राहून बघितलं नव्हतं. पॅनल पत्र्याच्या वर चढवलं, दक्षिणेकडे वीसेक अंश कलतं, पाऊस पडला की धूळ पण धुतली जाते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं त्या दिवशी मात्र सकाळीच चढून उतरवून आणलं, आणि बरं झालं, बाजूच्या चाळीचे दोन पत्रे आमच्या अंगणात आले होते.

मग जुलै. आपला जुलै. पॅनल १० मिलिअँपवर, कधी ८. दिवसाला साठ-सत्तर आत, एकशे शहात्तर बाहेर. कागदावरच दिसत होतं की पंधरवड्यात पिंप कोरडं, आणि तसंच झालं. पण त्याच वेळी गॅलरीतल्या कुंड्या पडतायत, छत्र्या उलट्या होतायत, दोन टॉवरच्या मधल्या फटीतून वारा असा येतो की दार धरून ठेवावं लागतं. ऊन नाही तेव्हा वारा आहे. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीच्या पठारावर त्या पवनचक्क्या बघितल्या असतील तुम्ही, पावसाळ्यात कशा घुमत असतात. म्हटलं आपण पण करू.

मोटर घेतली ती मेलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची, त्याच कुर्लेवाल्याकडून, अख्खा प्रिंटर किलोवर. स्टेपर मोटर म्हणतात तिला, खेळण्यातल्या मोटरपेक्षा ही का, तर ही हळू फिरली तरी व्होल्ट देते. दांड्याला चिमटीत धरून गर्रकन फिरवला की एलईडी लागतो, पोरांना दाखवायला एकदम भारी. माझी २०० स्टेपची होती, तिच्या एका फेऱ्यात विजेची ५० आवर्तनं होतात, म्हणजे सेकंदाला एक फेरा दिला की बरोबर ५० हर्ट्झ, घरच्या लाइटइतके. चार वायरींमधली कोणाची जोडी कोण हे शोधायला मीटर पण नको, कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा आणि दांडा फिरवा, जड लागला तर तीच जोडी. बाबांना हे फार आवडलं असतं. प्रत्येक जोडीला चार डायोडचा ब्रिज, म्हणजे उलटसुलट येणारी वीज एकाच दिशेला वळवणारी जोडणी, मग ती जरा साठवायला एक मोठा कपॅसिटर. डायोड ४००७ वापरू नका, ब्रिजमध्ये दोन डायोड आडवे येतात आणि दीडेक व्होल्ट तिथेच खातात, एवढ्याशा विजेत दीड व्होल्ट म्हणजे दरोडा. शॉटकी घ्या, तो कमी खातो.

पाती प्लंबरने टाकलेल्या चार इंची पीव्हीसी पाइपाची, उभी चिरून, कानस मारून. मधली चकती म्हणून आईच्या पोह्याच्या डब्याचं झाकण (ते तिला दिवाळीत फराळाच्या वेळी कळलं). आणि खांब म्हणून गुढीची काठी. "अरे देवाची काठी ती!" "आई, वाऱ्याचंच काम आहे ना, मारुतीचा बाप तो." तिला काही पटलं नाही पण पाडव्याच्या आधी परत द्यायच्या बोलीवर दिली.

पहिल्या संध्याकाळी काकू दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात. "काय रे, कर्रर्र कर्रर्र काय वाजतंय दुपारपासून? घरघंटी घेतलीस का?"

"काकू, पवनचक्की आहे ती."

"चक्कीच ना मग? पीठ कधी देणार?"

तेव्हापासून मजल्यावर तिचं नाव घरघंटीच. पण आवाजाचं त्यांचं खरं होतं, स्टेपरची ती खडखड काठीतून कठड्यात, कठड्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट काकूंच्या उशीखाली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घालून बांधली तेव्हा कमी झाली.

तिसऱ्या रात्री मॉड्यूल जळलं. वाऱ्याचा झोत आला, मोटरने एकदम वीस-बावीस व्होल्ट काढले असणार, आणि ती टीपी ४०५६ ची चिप आठ व्होल्टच्या वर जगत नाही. फट्ट, आणि तो ओळखीचा वास. चूक माझीच, टाकी बांधली आणि ओव्हरफ्लोचा पाइप ठेवला नाही. मग ५.६ व्होल्टचा जाडा, पाच वॉटचा झिनर डायोड आडवा लावला, व्होल्ट त्याच्या वर गेले की जास्तीची वीज त्यातून सांडते, झिनर तापतो आणि उलट मोटर जड होऊन पाती पण आवरतात.

वाऱ्याचं गणित मात्र फार दुष्ट आहे. वेग निम्मा झाला की ताकद निम्मी नाही, आठवा हिस्सा. माझी पाती ४० सेंटिमीटर व्यासाची. ताशी अकरा किलोमीटरचा वारा धरा, त्या गोलातून जाणाऱ्या अख्ख्या हवेत सगळे मिळून दोनच वॉट, त्यातले जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येतात हे बेट्झ नावाच्या जर्मन माणसाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय, आणि आमच्या पोह्याच्या झाकणाला मिळतात ०.२, फार तर ०.३. वेग दुप्पट झाला की तेच दोनाच्या आसपास. म्हणून मंद झुळूक येते ती फक्त घाम वाळवायची, सेल भरायची नाही. मुंबईच्या गॅलरीत वारा धड एका दिशेने पण येत नाही, टॉवरला आपटून, गिरकी घेऊन येतो, चक्की बिचारी निम्मा वेळ तोंड फिरवण्यातच घालवते. कोणी मला विचारलं की बसवू का, तर मी सांगेन आधी पॅनल दुप्पट कर, स्वस्तात होईल, खरंच. पण जुलैमधल्या चांगल्या वादळी रात्री तिने दोनशेच्या आसपास मिलिअँप-अवर भरले, झोपेत, काळोखात, पावसात. ते पॅनलच्या बापाला जमणार नाही.

मधे एकदा चक्की फिरतेय पण चार्जिंग शून्य. वर चढलो तर वायरच नाही, तुकडा तोडून नेलेला. चोर समोरच्या झाडावर बसला होता. आपले मुंबईचे कावळे घरट्यात काड्यांपेक्षा तारा जास्त घालतात, मेमध्ये बांधलेलं जुनं घरटं डागडुजीला काढलं की काय कोण जाणे, माझी लाल-काळी बेलची वायर त्यात छान विणलेली दिसत होती. तेव्हापासून वायर जुन्या गार्डन होजच्या तुकड्यातून नेलीय.

तर असं चाललंय तेव्हापासून. सेल एकदा बदलला, मॉड्यूलवरचा लाल इंडिकेटर काढून टाकला कारण ढगाळ दिवशी मिळणाऱ्या आठ-दहातले एक-दोन मिलिअँप तोच पिऊन टाकायचा, खारी हवा दर वर्षी एक तरी जोड खाते, मग मी सोल्डर घेऊन बसतो. जिन्यातला दिवा कोणी अजून चोरलेला नाही.

आता फाल्गुन, ऊन भरपूर, वारा मरतुकडा, सेल दुपारी दोनलाच भरलेला असतो. काल आईने आठवण केली, काठी धुवून द्यायचीय. सकाळी पाती उतरवली, झाकण सोडवलं, काठीवरचे एम-सीलचे डाग अजून निघालेले नाहीत, चिंचेने घासून झाले, रॉकेलने पुसून झाले. मी तिथे उकिडवा बसलेलो तर काकू जिन्यातून वर आल्या, हातात कांद्याची पिशवी.

"काय रे, घरघंटी विकलीस का?"

"नाही काकू, पाडव्यापुरती बंद. जूनला परत चालू."

"बरं. तोवर दळण खालीच टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.